शांतिसेना भांडण मिटवते की नुसती रेघ राखते?

रानवारा
सध्या युद्धानंतरच्या बोस्निया, कोसोवो आणि सायप्रसबद्दल जे मिळेल ते वाचतोय. जितकं वाचावं तितका एकच प्रश्न डोक्यात घोळतो.

डिसेंबर १९६३ मध्ये निकोसियात ग्रीक आणि तुर्की सायप्रियट एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा मेजर जनरल पीटर यंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली. तीच ग्रीन लाइन. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, ठरावात मुदत तीन महिन्यांची. ती अजून तिथेच आहे. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर रेघ बेटभर पसरली, आता जवळपास १८० किलोमीटरचा मोकळा पट्टा आहे.

बोस्नियातल्या मोस्तारचा पूल पुन्हा बांधला, पण बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट मुलं शिकतात वेगळीच. कोसोवोतल्या मित्रोवित्सात इबार नदीच्या उत्तरेला सर्ब, दक्षिणेला अल्बेनियन आणि मधल्या पुलावर पहाऱ्याला परदेशी सैनिक.

माझं मत सांगून टाकतो: बाहेरची फौज आली की मारामाऱ्या थांबतात, पण फूट कायमची होते. दोन्ही बाजूंना जुळवून घ्यायची गरजच उरत नाही. तुम्हाला काय वाटतं? प्रत्यक्ष अनुभव असेल तर फारच उत्तम.

कंदील
पुढच्या रांगेत जागा धरून ठेवली आहे. येऊ द्या.

खडूस_आजोबा
रेघ राखते म्हणता? तेवढं तरी धड कुठे जमतं! बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा एप्रिल १९९३ मध्ये ठराव करून "सुरक्षित क्षेत्र" जाहीर केलं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांचा सेनापती म्लादिच याची माणसं आत शिरली आणि आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले. निळ्या टोप्या, म्हणजे शांतिसेनेचे सैनिक, तिथेच होत्या. रवांडात तर कहर. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली, दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, त्यावर सुरक्षा परिषदेने काय करावं? फौज वाढवायची सोडून २७० वर आणायचा ठराव केला. आग लागल्यावर बंब परत बोलावणारी ही मंडळी. यांच्याकडून समाज जोडायची अपेक्षा म्हणजे कैच्याकै.

सुभेदार_निवृत्त
आजोबा, राग समजतो, पण राग चुकीच्या माणसावर निघतोय. सुरक्षित क्षेत्रं राखायला किती सैनिक लागतील, असं विचारल्यावर लष्करी सल्लागारांनी सांगितलेला आकडा होता ३४,०००. सुरक्षा परिषदेने मंजूर केले ७,६००. तेही सगळे वेळेवर आले नाहीत. स्रेब्रेनित्सात हलकी शस्त्रं घेतलेले काहीशे डच सैनिक होते, समोर रणगाडे. हवाई मदत मागितली, ती आली तेव्हा वेळ गेली होती. त्यांचा दोष नाही असं म्हणत नाही. डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये साधारण ३५० जणांच्या बाबतीत देशाची जबाबदारी मान्य केली, पण १० टक्केच. उरलेले ९० टक्के कुणाच्या खाती मांडायचे, ते तुम्हीच ठरवा.

युगोस्लाव्हियातल्या त्या फौजेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मार्च १९९२ पासून वर्षभर. काम क्रोएशियातलं आणि मुख्यालय दिलं सारायेव्होत, का तर म्हणे तिथे शांतता आहे! महिन्याभरात सारायेव्होतच युद्ध पेटलं आणि मुख्यालय हलवावं लागलं. वरून हुकूम असे येत असतील तर खालच्या शिपायाने काय करावं?

चकवा
"शांतता आहे म्हणून मुख्यालय सारायेव्होत." _/\_

निळावंती
मी एका मदतसंस्थेच्या कामासाठी बोस्नियात राहिले आहे, म्हणून लिहिते. लांबण लागेल.

आधी मोस्तारबद्दलचा एक गैरसमज. जुना पूल १५६६ चा. ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट फौजेच्या तोफांनी तो पाडला आणि जुलै २००४ मध्ये तसाच दगडी पूल पुन्हा उभा राहिला. उद्घाटनाला जगभरचे पाहुणे, भाषणांत एकच सूर, की दोन समाज पुन्हा जोडले गेले. प्रत्यक्षात पुलाची दोन्ही टोकं युद्धात बोस्नियाकांच्याच ताब्यात होती! खरी आघाडी नदीवर नव्हतीच. ती होती पश्चिमेला, बुलेवार नावाच्या रुंद रस्त्यावर. आजही तो रस्ता ओलांडताना एका बाजूला नवा गिलावा आणि शेजारीच गोळ्यांनी चाळण झालेली भिंत दिसते, आतून झाडं वर आलेली. त्या रस्त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, कारण तिथे फोटो चांगला येत नाही.

शहरात सगळं दोन-दोन. विद्यापीठं दोन, फुटबॉलचे संघ दोन (झ्रिन्स्की आणि वेलेझ), आग विझवणारी दलंही दोन. २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही, कारण जागा कशा वाटायच्या यावर दोन मोठ्या पक्षांचं जमेना. शेवटी मोस्तारच्याच एका बाईंनी स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयात दावा लावला, २०१९ मध्ये जिंकला, तेव्हा कुठे मतपेट्या बाहेर आल्या.

आणि शाळा. "एका छपराखाली दोन शाळा" असं तिथे सरळ म्हणतात. इमारत एक, मुख्याध्यापक दोन, पुस्तकं दोन, कुठे दारं वेगळी, कुठे पाळ्या. त्राव्निकमध्ये तर शाळेच्या आवारात मधोमध कुंपण. अशा पन्नासहून अधिक शाळा होत्या.

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण यातलं सैनिकांनी किती केलं आणि राजकारण्यांनी किती, हे वेगळं काढायला हवं.

उलटतपासणी
निळावंती, शाळांचं तुम्ही अर्धवट सोडलंत. ती व्यवस्था आणली कुणी? नव्वदच्या दशकाच्या शेवटी निर्वासित परत यायला लागले, त्यांची पोरं कुठल्या शाळेत बसणार हा पेच होता. आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांनी तोडगा म्हणून दोन्ही शाळा एका इमारतीत बसवल्या. तात्पुरत्या! ती पोरं आता पालक झाली.

दुसरं, डेटन करार. नोव्हेंबर १९९५ मध्ये ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या. युद्ध थांबलं, मान्य. पण त्याच्याच परिशिष्टात देशाची राज्यघटना कोंबली आणि तीत राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन खुर्च्या: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. बोस्नियाचेच दोन नागरिक: सेज्दिच रोमा, फिन्त्सी ज्यू. या दोघांना निवडणुकीला उभंच राहता येत नाही. २००९ मध्ये दोघेही स्ट्रासबुर्गला जिंकले. घटना अजून तशीच आहे.

ज्या पुढाऱ्याची खुर्ची आपल्याच जमातीच्या मतांवर उभी आहे, तो फूट का मिटवेल? बंदूकधारी शिपाई पुलावरून हटवा नाहीतर ठेवा, हे गणित बदलत नाही.

कंदील
म्हणजे तात्पुरतं काही करायचंच असेल तर आधी कायमचा विचार करून ठेवावा. सायप्रसचे तीन महिने अजून चालू आहेत.

पानगळ
सायप्रसचा उल्लेख झालाच आहे तर. मी निकोसियात दक्षिण भागात राहते, नोकरीसाठी.

लेद्रा रस्ता म्हणजे इथला भर बाजार. चालत राहायचं, कपड्यांची दुकानं, कॉफीची दुकानं, आणि मध्येच पोलिसांची टपरी. ओळखपत्र दाखवायचं. पुढचा थोडा भाग ओसाड: दोन्हीकडची जुनी दुकानं बंद, गल्ल्यांच्या तोंडाशी अडथळे, फोटो काढू नका असे फलक. मग उत्तरेची टपरी, पुन्हा कागद दाखवा, आणि पुन्हा तोच बाजार सुरू. लेद्राचा हा रस्ता एप्रिल २००८ मध्ये उघडला. त्याआधी २३ एप्रिल २००३ ला पहिल्यांदा नाकी उघडली, तेव्हा लोकांनी तासन् तास रांगा लावल्या होत्या, १९७४ ला सोडलेलं घर बघायला. कुणी दार उघडून आत बोलावलं, जुने फोटो जपून ठेवले होते ते हातात दिले. कुणी दारातूनच परत पाठवलं. दोन्ही प्रकार ऐकलेत.

पण मला जास्त आवडणारी गोष्ट गटारांची आहे. हसू नका. फाळणीनंतर सांडपाण्याची योजना अर्धी पडली होती. नळ दोन्हीकडचे, शुद्धीकरणाची जागा उत्तरेला. १९७८ मध्ये दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा आकिंजी यांनी ठरवलं की हे काम एकत्र करायचं. एकमेकांच्या सरकारांना मान्यता नाही, त्यामुळे सही कशावर आणि कुठल्या हुद्द्याने करायची हाच तिढा. तरी केलं. तेव्हापासून वर तारेचं कुंपण आणि खाली सांडपाणी एकत्र. नवं शुद्धीकरण केंद्रही दोघांचं मिळून आहे.

ते दोघे भेटायचे ते संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीनेच. म्हणून "रेघ राखणं" एवढंच ते काम नाही. भांडणाऱ्यांना मान खाली न घालता भेटता यावं अशी जागा कुणीतरी राखावी लागते.

चकवा
जोडायला काय, तर गटार. नेत्यांना बैठक तिथेच घ्यायला लावा, तासाभरात करार होईल.

खडूस_आजोबा
@पानगळ, गटाराचं मान्य. पण साठ वर्षं फौज ठेवून मिळालं ते एवढंच का? २००४ मध्ये कोफी अन्नान यांची एकीकरणाची योजना मताला टाकली. तुर्की सायप्रियट ६५ टक्के हो म्हणाले, ग्रीक सायप्रियट ७६ टक्के नाही. आणि आठवड्याभरात नाही म्हणणारे युरोपीय संघात जाऊन बसले. रानवारा म्हणतो तेच झालं ना? जीव सुरक्षित आहे, बाजार चालू आहे, मग तडजोडीचा त्रास कोण घेईल?

रानवारा
आजोबा माझ्या बाजूने! वाचनखूण साठवतो.

सुभेदार_निवृत्त
थोडं अवांतर, पण सायप्रस निघालंच आहे म्हणून. त्या फौजेचे सेनापती तीन वेळा भारतीय होते. पहिलेच जनरल ग्यानी, मग जनरल थिमय्या, पुढे जनरल प्रेमचंद, ते १९६९ पासून १९७६ पर्यंत. म्हणजे १९७४ चं युद्ध प्रेमचंदांच्या डोळ्यांसमोर झालं. निकोसिया विमानतळावर तुर्की फौज चालून आली तेव्हा शांतिसेनेने तो आपल्या ताब्यात घेतला आणि मोर्चे बांधून बसली, म्हणून तो कुणालाच मिळाला नाही. आजही ओस आहे, एक मोडकं विमान उभं आहे धावपट्टीजवळ. थिमय्यांचा डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच अंत झाला. सायप्रसने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आणि आजोबा, "एवढंच का" असं विचारता तेव्हा जे झालं नाही ते मोजायचं राहून जातं. युद्धविरामानंतर फौज असेल तर युद्ध पुन्हा पेटण्याची शक्यता बरीच कमी होते, यावर आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांचं साधारण एकमत आहे. न झालेल्या कत्तलीचा फोटो कुणी छापत नाही.

कंदील
विमान अजून उभं आहे? चला, कुणीतरी वेळेआधी विमानतळावर पोचलं तर.

जुना_खेळाडू
गाड्यांच्या नंबरपाट्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

युद्धानंतर बोस्नियात तीन प्रकारच्या पाट्या होत्या. पाटी पाहूनच कळायचं गाडी कुणाची. दुसऱ्या भागात गेलं की दगड, मारहाण, निदान पोलिसांची अडवणूक. साठ हजार सैनिक देशात, करारात संचाराचं स्वातंत्र्य लिहिलेलं, पण लोक गावाबाहेर पडत नव्हते. निर्वासितांच्या उच्चायुक्तालयाने १९९६ मध्ये हद्दीपलीकडे जाणाऱ्या बस सुरू केल्या त्या याच कारणाने. १९९८ मध्ये उच्च प्रतिनिधी (डेटन कराराची अंमलबजावणी बघणारा परदेशी अधिकारी) वेस्टेनडॉर्प यांनी नवी पाटी लादली. हो, लादलीच, स्थानिक पुढारी कधीच तयार झाले नसते. गावाचं चिन्ह नाही, आणि अक्षरं फक्त रोमन आणि सिरिलिक दोन्हींत सारखी दिसणारी: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गाडी कुठली, मालक कोण, काही पत्ता नाही. थोड्याच दिवसांत रस्ते वाहू लागले. समेटाच्या शंभर परिसंवादांनी जे झालं नसतं ते पत्र्याच्या तुकड्याने केलं.

कोसोवोत उलट. तिथे पाटी हेच भांडण झालं. सर्बियाने दिलेल्या पाट्या चालणार नाहीत असं प्रिष्टिनाने, म्हणजे कोसोवोच्या सरकारने, म्हटलं, २०२१ मध्ये रस्ते अडले, नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तरेतल्या सर्ब पोलिसांनी, न्यायाधीशांनी, महापौरांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. पोटनिवडणुकीवर सर्बांचा बहिष्कार. चार टक्क्यांहून कमी मतदानावर अल्बेनियन महापौर निवडून आले. ते कचेरीत जायला निघाले आणि मे २०२३ मध्ये झ्वेचानला दंगल पेटली, मधे सापडले इटली आणि हंगेरीचे सैनिक, कितीतरी जखमी.

चकवा
मित्रोवित्साच्या पुलावर पाट्या काढून-लावून गाडी हाकणारे टॅक्सीवाले ऐकलेत. खिशात पाना घेऊन धंदा.

वेताळपंची
हे सगळं वाचून आपल्याकडच्या परिस्थितीचा विचार येतोच. आपल्याकडेही…

संपादक मंडळ
वेताळपंची, प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. धाग्याचा विषय स्पष्ट आहे. घरगुती राजकारणासाठी इतर धागे भरपूर आहेत.

कंदील
बघा, शांतिसेना पोचली.

चकवा
आणि वेळेवर पोचली! इतिहासात नोंद करा. हसून हसून पुरेवाट.

निळावंती
पुन्हा मूळ मुद्द्याकडे. आजोबांच्या बाजूने एक गोष्ट, जी त्यांनी मांडली नाही.

बोस्नियाच्या ईशान्येला बर्च्को. तिथल्या एका रस्त्याला अमेरिकन सैनिक ॲरिझोना म्हणायचे. १९९६ मध्ये त्यांच्या तपासणी नाक्याजवळ तिन्ही समाजाचे लोक येऊन गुरं, सिगारेटी, काय मिळेल ते विकू लागले. ज्यांनी काल एकमेकांवर गोळ्या झाडल्या ते आज घासाघीस करत होते. सैन्याने प्रोत्साहन दिलं, बाजार फुगला, "समेटाचा बाजार" म्हणून कौतुक झालं. त्याच बाजारामागे पूर्व युरोपातल्या मुलींची विक्री चालायची. गिऱ्हाइकांत परदेशी पोलिस आणि कंत्राटी कर्मचारीही होते. कॅथरीन बोल्कोव्हॅक या अमेरिकन पोलिस बाईने हे लेखी वर कळवलं, तर तिलाच कामावरून काढलं. २००२ मध्ये ब्रिटनच्या न्यायाधिकरणात ती जिंकली. ज्यांच्यावर आरोप होते ते बहुतेक गुपचूप मायदेशी गेले. यावर बोलल्याशिवाय शांतिसेनेचं कौतुक करू नये.

सुभेदार_निवृत्त
मान्य. गणवेशाची लाज वाटावी असं प्रकरण. शिस्त मायदेशाने लावायची आणि गुन्हा परदेशात, या फटीतून सगळे निसटतात.

उलटतपासणी
बर्च्को निघालं ते बरं झालं, कारण रानवाराच्या सिद्धांताला तिथेच धक्का बसतो. डेटनमध्ये बर्च्को कुणाला द्यायचं यावर एकमत झालं नाही, म्हणून लवादाकडे गेलं. मार्च १९९९ चा निवाडा: कुणालाच नाही. वेगळा जिल्हा, एक पोलिस दल, एक न्यायालय, आणि वर अमेरिकन पर्यवेक्षक, सर्वाधिकारी. २००१ पासून तिन्ही समाजाची मुलं एका वर्गात. दोन्ही लिप्या चालतात. सुरुवातीला मोर्चे निघाले, मग लोक कामाला लागले. पगार वेळेवर आणि देशात बऱ्यापैकी होते, याचाही वाटा होता.

मोस्तार आणि बर्च्को एकाच देशात. फरक फौजेत नाही. मोस्तारमध्ये पुढाऱ्यांना फूट विकता येत होती, बर्च्कोत ते दुकान बंद केलं.

जुना_खेळाडू
+१. पण बर्च्कोत लोकशाही गुंडाळून ठेवली हेही लिहा. पर्यवेक्षक निवडून आलेला नव्हता. असं किती ठिकाणी करणार?

उलटतपासणी
फार ठिकाणी नाही. क्रोएशियातल्या पूर्व स्लावोनियात झालं तसंच, १९९६ ते ९८, संयुक्त राष्ट्रांचे प्रशासक जाक क्लाइन आणि पाच हजार सैनिक. वुकोव्हारसारखं उद्ध्वस्त शहर गोळी न झाडता क्रोएशियात परत गेलं. मात्र शाळांत सर्ब आणि क्रोएट मुलं तिथेही वेगळी बसली. २०१३ मध्ये सरकारी कचेऱ्यांवर सिरिलिक पाट्या लावल्या तर लोकांनी हातोड्याने फोडल्या.

खडूस_आजोबा
घरं परत मिळाली का लोकांना? जमीन-घर मिळाल्याशिवाय बाकी सगळ्या गप्पा.

निळावंती
कागदावर बघाल तर हे बोस्नियातलं सगळ्यात यशस्वी काम. दोन लाखांहून अधिक दावे आले, बहुतेक सगळे निकाली निघाले. अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्यांना उच्च प्रतिनिधी सरळ बडतर्फ करायचे. पण घर मिळालं म्हणजे माणूस परतला असं नाही. कित्येकांनी किल्ली घेतली आणि त्याच महिन्यात घर विकलं किंवा अदलाबदल केली. गावात नोकरी देणारा दुसऱ्या जमातीचा, शाळेत इतिहास दुसऱ्यांचा, दवाखान्याचा विमा पलीकडच्या हद्दीत चालत नाही. म्हातारी माणसं परतली, मुलं नाही.

पानगळ
इथे घरांचा प्रश्न सुटलेलाच नाही. पण बेपत्ता माणसांचं काम चालू आहे ते सांगते. यादीत २,००२ नावं: १,५१० ग्रीक सायप्रियट, ४९२ तुर्की सायप्रियट. समिती १९८१ ची, पंचवीस वर्षं नुसती पत्रापत्री. २००६ पासून खरं खोदकाम सुरू झालं. दोन्ही समाजातले शास्त्रज्ञ एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर हाडं लावतात. प्रयोगशाळा त्याच ओस विमानतळाच्या आवारात, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जागेत. हजाराहून अधिक लोकांची ओळख पटली. कुणी मारलं हे मात्र समिती विचारत नाही. तशी अटच आहे, नाहीतर जागा दाखवायला कुणी पुढे येणार नाही. काही घरांना ही अट मान्य, काहींना संताप येतो.

रानवारा
बराच मसाला मिळाला. माझं मत थोडं सरकलंय, पण पूर्ण नाही. बर्च्कोत वरून सत्ता चालवणारा होता, पाट्या वरून लादल्या, गटाराला दोन समजूतदार महापौर लाभले. यात निळी टोपी घातलेल्या शिपायाचं काय काम, हे अजून कुणी नीट सांगितलं नाही.

पानगळ
पिलाचं उदाहरण घ्या. मोकळ्या पट्ट्यातलं गाव, ग्रीक आणि तुर्की सायप्रियट अजून एकत्र राहतात असं त्या पट्ट्यातलं एकमेव. एका चौकात दोन्हींची कॉफीची दुकानं. गावाचा पोलिस म्हणजे शांतिसेनाच. दोन्हीकडचे पोलिस गावात आले की भांडण होणार, म्हणून गाऱ्हाणी त्यांच्याकडे जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तरेकडून पट्ट्यात रस्ता बांधायला बुलडोझर आले. सैनिक आडवे उभे राहिले, मार खाल्ला, त्यांची वाहनं ढकलून बाजूला केली. पण पुढे वाटाघाटी झाल्या त्या टेबलावर, आणि गाव जागेवर आहे. शिपायाचं काम एवढंच, पण ते रोज करावं लागतं.

खडूस_आजोबा
हे उदाहरण मला पटलं नसतं तर बरं वाटलं असतं.

निळावंती
आणि जिथे शिपाई, पर्यवेक्षक कुणीच नव्हतं असं एक. २०१६ मध्ये मध्य बोस्नियातल्या याय्त्सेत बोस्नियाक मुलांसाठी वेगळी माध्यमिक शाळा काढायचं पुढाऱ्यांनी ठरवलं. विद्यार्थीच रस्त्यावर आले, दोन्ही समाजाचे, "आम्हाला वेगळं बसवू नका" म्हणून. वर्षभर आंदोलन चालवलं आणि २०१७ मध्ये निर्णय मागे घ्यायला लावला. पुढच्या वर्षी त्यांना अल्पसंख्याकांसाठीच्या कामाचा मॅक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला. अभ्यासक्रम मात्र अजून दोनच.

रानवारा
हे माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढू का?

चकवा
काढा, पण दोन धागे एका छपराखाली नकोत.